ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन : हवाई अंतर किती आणि प्रवासाला वेळ किती धरावा?

रेखांश

नमस्कार. मी नोकरीनिमित्त उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे राहतो. जूनमध्ये पुण्याहून आई-बाबा येत आहेत आणि त्यांना घेऊन स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येनला जाण्याचा बेत आहे. जगात सर्वसामान्य प्रवाशांसाठी नियमित विमाने जातात अशा विमानतळांपैकी लाँगइयरब्येनचा विमानतळ सर्वात उत्तरेकडचा आहे, त्यामुळे बाबांना या प्रवासाचे विशेष अप्रूप आहे. ते भूमापनाच्या कामातून निवृत्त झालेले असल्याने तिकिटाच्या दरापेक्षा अंतराच्या आकड्याची चौकशी त्यांनी आधी केली.

घोळ इथेच आहे. एक संकेतस्थळ हे अंतर ९५८ किमी सांगते, दुसरे ९६१ किमी. उड्डाणाचा अंदाजित वेळ १ तास ४२ मिनिटे दाखवला जातो, तर विमान कंपन्यांच्या वेळापत्रकांत तो काही मिनिटांनी कमी दिसतो. भिंतीवरच्या नकाशात पाहावे तर हे अंतर मुंबई-चेन्नईच्या तिप्पट वाटते. यांपैकी कोणत्या आकड्यावर विसंबायचे, हा हिशेब नेमका कसा करतात आणि घरातून निघून तिथल्या मुक्कामी पोहोचेपर्यंत किती वेळ धरून चालावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

नकाशावाचक

रेखांश, आपल्या वडिलांना हातानेच हिशेब करायला आवडेल असे वाटते, म्हणून सगळ्या पायऱ्या देतो.

ट्रॉम्सोचा विमानतळ ६९.६८ अंश उत्तर व १८.९२ अंश पूर्व येथे आहे, तर लाँगइयरब्येनचा ७८.२५ अंश उत्तर व १५.४७ अंश पूर्व येथे. अक्षांशांतला फरक ८.५६ अंश आणि रेखांशांतला ३.४५ अंश. अक्षांशाच्या एका अंशाला सुमारे १११ किमी हे सर्वांना ठाऊक असते, पण रेखांशाच्या अंशाचे तसे नाही. विषुववृत्तावर तोही १११ किमी भरतो. ट्रॉम्सोच्या अक्षांशावर मात्र तो ३९ किमीच्या आत येतो आणि लाँगइयरब्येनला जेमतेम २३ किमी उरतो. म्हणून रेखांशातला साडेतीन अंशांचा फरक वाटेच्या मध्यावर, म्हणजे ७४ अंशांच्या आसपास, अवघा १०६ किमी होतो. उत्तर-दक्षिण ९५२ किमी आणि पूर्व-पश्चिम १०६ किमी धरून कर्ण काढला की ९५८ किमी येतात. गोलीय त्रिकोणमितीचे पूर्ण सूत्र वापरले तरी उत्तर तेच येते, कारण अंतर लहान आहे.

मग ९६१ कुठून आले? वरच्या हिशेबात पृथ्वी पूर्ण गोल मानली आहे. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि त्या चपटेपणामुळे अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तावर ११०.६ किमी, तर ध्रुवाजवळ १११.७ किमी भरतो. आपल्या मार्गावर तो सरासरी १११.६ किमी आहे. साडेआठ अंशांत हा फरक साठत जाऊन तीन-साडेतीन किलोमीटर होतो. उपग्रहांवर आधारित स्थाननिश्चितीसाठी जगभर जो दीर्घवर्तुळाकार पृथ्वीचा नमुना वापरतात, त्यावरून ९६१ किमी, म्हणजे ५१९ सागरी मैल हे उत्तर मिळते. दोन्ही आकडे आपापल्या गृहीतकानुसार बरोबर आहेत. अचूक हवा असेल तर ९६१ घ्यावा.

दिशेबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ट्रॉम्सोहून निघताना खऱ्या उत्तरेपासून विमानाची दिशा सुमारे ३५५ अंश असते आणि सर्वात जवळच्या मार्गाने गेल्यास पोहोचताना ती ३५२ अंश झालेली असते. विमान कुठेही वळत नाही. ध्रुवाकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांच्या जवळ येत जातात म्हणून दिशेचा आकडा बदलतो.

कोकणवारा

फार सुरेख समजावून सांगितले आहे. पण नकाशात मुंबई-चेन्नईच्या तिप्पट दिसते, त्याचे कारणही लिहावे. मुंबई-चेन्नई हवाई अंतर तर हजार किलोमीटरच्या वर आहे ना?

नकाशावाचक

होय, मुंबई-चेन्नई सुमारे १,०३० किमी आहे, म्हणजे ट्रॉम्सो-लाँगइयरब्येनपेक्षा थोडे जास्तच. भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असणार. त्यात रेखावृत्ते समांतर काढलेली असतात, म्हणून पूर्व-पश्चिम जितके ताणावे लागते तितकेच उत्तर-दक्षिणही ताणतात. मुंबईच्या अक्षांशावर हा ताण सहा टक्क्यांच्या आत आहे. ट्रॉम्सोला तो २.९ पट आणि लाँगइयरब्येनला ४.९ पट होतो. विषुववृत्तावरच्या प्रमाणाने मोजपट्टी लावली तर ९६१ किमीचा हा प्रवास त्या नकाशावर ३,५०० किमीहून अधिक दिसतो, आणि मुंबई-चेन्नई जेमतेम १,०८० किमी. उत्तरेकडील अंतरांचा अंदाज अशा नकाशावरून कधीही घेऊ नये. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेले बरे.

उड्डाणपत्रक

मी मुंबईत विमानांच्या उड्डाण नियोजनाचे काम करतो, म्हणून वेळेबद्दल लिहितो.

संकेतस्थळावरचा १ तास ४२ मिनिटांचा आकडा कोणी उड्डाण मोजून काढलेला नाही. अशी बहुतेक संकेतस्थळे सगळ्या जगासाठी एकच ठोकताळा वापरतात : ताशी ५०० मैल, म्हणजे ८०५ किमी या वेगाने अंतराला भागायचे आणि चढण-उतरण व जमिनीवरची हालचाल यांसाठी सरसकट ३० मिनिटे मिळवायची. ९६१ भागिले ८०५ म्हणजे जवळजवळ ७२ मिनिटे, त्यात ३० मिळवा, आला तुमचा आकडा. या मार्गावर बोइंग ७३७ सारखी मध्यम आकाराची जेट विमाने जातात आणि अंतरही मध्यम आहे, म्हणून तो वास्तवाच्या जवळ जातो. ताशी ८३० किमी वेगाने पूर्ण अंतर कापायला ६९ मिनिटे लागतील; चढताना आणि उतरताना वेग कमी असल्याने हवेतला वेळ ८० ते ८५ मिनिटांवर जातो. वेळापत्रकात दिसतो तो जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा वेळ, तो साधारण दीड तास ते एक तास चाळीस मिनिटे असतो. मुंबई-बंगळुरू प्रवासाइतकाच म्हणा.

वाऱ्याचे गणित इथे प्रवाशाच्या बाजूचे आहे. या उंचीवरचे जोरकस वारे बहुतांशी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि आपला मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेकडे जातो, त्यामुळे वारा बाजूने लागतो. ताशी १५० किमीचा वारा नेमका बाजूने आला तर विमानाला नाक थोडे वाऱ्याकडे ठेवावे लागते आणि जमिनीसापेक्ष वेग ८३० वरून ८१६ वर येतो. नुकसान होते एका मिनिटाचे. तोच वारा समोरून आला असता तर पंधरा मिनिटे गेली असती.

शेवटच्या टप्प्यात मात्र घाई नसते. विमानतळ फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीच्या, काठावर आहे आणि आजूबाजूला डोंगर आहेत. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून आलेले तुपोलेव १५४ जातीचे विमान उतरण्याच्या तयारीत असताना ठरलेल्या रेषेपासून बाजूला सरकले आणि ऑपेरा डोंगराला धडकले. विमानातील सर्व १४१ जण मृत्युमुखी पडले; त्यांत बहुतांश तिथल्या खाणींतील कामगार आणि त्यांचे कुटुंबीय होते. तिथे ढग उतरलेले असताना वैमानिकाने दहा मिनिटे अधिक घेतली, तर ती उशीर म्हणून मोजू नयेत.

हिमरेषा

उड्डाणपत्रक यांनी ठोकताळ्याचा उलगडा केला ते बरे झाले, कारण माझ्या भागात तो सपशेल फसतो. मी कॅनडात राहते. आमच्या उत्तरेला बॅफिन बेटावर इकालुइत आहे आणि समुद्रापलीकडे ग्रीनलँडची राजधानी नूक. दोहोंतले अंतर साधारण ८२५ किमी, म्हणजे आपल्या चर्चेतल्या मार्गापेक्षा कमी. ठोकताळ्याने वेळ येतो १ तास ३२ मिनिटे.

पण २०२४च्या उन्हाळ्यात एअर ग्रीनलँडने कॅनेडियन नॉर्थच्या सहकार्याने ही हंगामी सेवा सुरू केली, ती डॅश ८ या पंख्याच्या विमानाने. त्याचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास असतो. शिवाय मार्ग पूर्व-पश्चिम आहे. ताशी ८० किमीचा पश्चिमेचा वारा धरला तर इकालुइतहून नूकला जाताना नुसत्या हवेतल्या प्रवासाला ८५ मिनिटे आणि परतताना ११८ मिनिटे लागतील. जाता-येता वारा सारखाच लागतो म्हणून एकूण वेळ बदलत नाही असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १९८ मिनिटे लागली असती, वाऱ्यासह २०३ लागतात. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असते, त्यामुळे तोटा फायद्यापेक्षा मोठा ठरतो.

त्यावर घड्याळाची भर. उन्हाळ्यात इकालुइत जागतिक प्रमाणवेळेच्या चार तास मागे असते आणि नूक एक तास मागे. दुपारी बाराला निघालेला प्रवासी दोन तासांनी उतरतो तेव्हा नूकमध्ये पाच वाजलेले असतात. उलट सकाळी नऊला नूकहून निघालेला माणूस सव्वादोन तासांनी इकालुइतला उतरतो तेव्हा तिथे सव्वाआठ झालेले असतात. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून प्रवासाचा काळ काढू पाहणाऱ्याने हे आधी पाहावे.

आणि ही सेवा बंद असते तेव्हा? तेव्हा या ८२५ किमीसाठी आधी दक्षिणेला ओटावा किंवा माँट्रियल, तिथून अटलांटिक ओलांडून आइसलंड किंवा डेन्मार्क, आणि मग पुन्हा पश्चिमेला ग्रीनलँड अशी हजारो किलोमीटरची फेरी पडते. समोरासमोरच्या किनाऱ्यांवर राहणाऱ्या, भाषेने आणि वंशाने जवळच्या असलेल्या इनुइट कुटुंबांना हे सोसावे लागते, याचे मला फार वाईट वाटते. उत्तरेकडच्या दोन विमानतळांमधले अंतर विचारताना मधे विमान आहे का, हा प्रश्न आधी विचारावा.

कोकणवारा

हिमरेषा, इकालुइत-नूक मार्ग पूर्व-पश्चिम असल्याने विमान वक्र बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलावरच्या सर्वात जवळच्या मार्गाने, गेले तर पुष्कळ अंतर वाचत असेल ना? इतक्या उत्तरेला हा फरक मोठा असतो असे वाचले आहे.

नकाशावाचक

फरक अक्षांशाबरोबर वाढतो, पण रेखांशातले अंतरही मोठे असावे लागते. इथे ते १७ अंशांपेक्षा थोडे कमी आहे. बृहद्वृत्त मधल्या भागात अक्षवृत्ताच्या सुमारे २७ किमी उत्तरेकडे जाते, तरीही एकूण बचत अडीच किलोमीटरच्या आसपासच होते. महासागर ओलांडणाऱ्या लांब उड्डाणांत हीच बचत शेकडो किलोमीटरची होते. ट्रॉम्सो-लाँगइयरब्येन मार्ग तर रेखावृत्ताला जवळजवळ समांतर आहे आणि रेखावृत्त हे स्वतःच बृहद्वृत्त असते, त्यामुळे तिथे हा मुद्दा उद्भवतच नाही.

मुरगाव

मी वास्कोचा. आमच्या गावात राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे आणि तिथून शास्त्रज्ञ स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंडच्या ‘हिमाद्री’ या भारतीय केंद्रावर जात असतात. हिमाद्री १ जुलै २००८ रोजी सुरू झाले. त्यांचा शेवटचा टप्पा या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेला आहे.

लाँगइयरब्येन ते न्यू-ओलेसुंड हवाई अंतर सुमारे ११० किमी. दोन्ही वसत्यांना जोडणारा रस्ता नाही. न्यू-ओलेसुंडची धावपट्टी खडीची असून लांबी सुमारे ८०० मीटर आहे, तिथे जेट उतरणे शक्य नाही. अनेक वर्षे हा टप्पा डॉर्नियर २२८ या दोन पंख्यांच्या छोट्या विमानाने पार केला जात आला आहे. याच जातीची विमाने आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्स कानपूरला बांधते. संकेतस्थळी ठोकताळ्याने या प्रवासाला ३८ मिनिटे लागायला हवीत, प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. म्हणजे इकालुइतला ठोकताळा कमी सांगतो आणि इथे जास्त. इतक्या जवळच्या अंतराला चढण-उतरणीची सरसकट ३० मिनिटे लागत नाहीत.

या विमानात जागा मर्यादित असतात आणि त्या किंग्ज बे या नॉर्वेच्या सरकारी कंपनीमार्फत मुख्यतः संशोधनाशी संबंधित लोकांना मिळतात. रेखांश, आई-बाबांना न्यू-ओलेसुंड दाखवायचे असेल तर उन्हाळ्यातल्या जहाजफेरीची चौकशी करा.

रेखांश

सर्वांचे मनापासून आभार. नकाशावाचक यांचा हिशेब बाबांनी वहीत उतरवून घेतला आणि गोल पृथ्वीचे उत्तर स्वतः काढून पाहिले. ९५८ जुळल्यावर त्यांचा फोन आला. आता दोन प्रश्न उरले. घर ते मुक्काम एकूण किती वेळ धरावा, आणि हवामानामुळे विमान तिथे उतरू शकले नाही तर काय होते? आईला दुसऱ्याची धास्ती आहे.

हिमरेषा

एकूण वेळेच्या आधी एक अत्यावश्यक गोष्ट. स्वालबार्ड नॉर्वेचा भाग असला तरी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे युरोपातील सामायिक व्हिसाच्या देशसमूहाबाहेर आहे. १९२०च्या स्वालबार्ड करारामुळे तिथे जायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण ट्रॉम्सोहून विमानात बसताना आपण शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. त्यामुळे आई-बाबांचा शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा असलाच पाहिजे. एकाच प्रवेशाचा असेल तर ते लाँगइयरब्येनला जातील, पण नॉर्वेच्या मुख्य भूमीवर परत येताना अडकतील. अर्ज भरतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि स्वालबार्डचा बेत कारण म्हणून नमूद करावा.

याच कारणाने ट्रॉम्सोला पारपत्र तपासणी होते. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या विमानातल्या प्रवाशांनाही तिथे उतरून तपासणी करून पुन्हा चढावे लागते. तेव्हा देशांतर्गत प्रवास समजून उशिरा निघू नये.

उड्डाणपत्रक

एकूण वेळेचा हिशेब सोपा आहे. ट्रॉम्सोचा विमानतळ शहराच्या मध्यापासून पाचेक किलोमीटरवर आहे आणि लाँगइयरब्येनचाही गावापासून जवळपास तेवढाच. घर ते विमानतळ अर्धा तास, तपासण्या धरून उड्डाणापूर्वी दोन तास, विमानाचे पावणेदोन तास, तिकडे सामान घेऊन बसने मुक्कामी पोहोचायला पाऊण तास ते एक तास. म्हणजे सव्वापाच तास धरून चालावे. त्यांतला खरा हवेतला वेळ दीड तासाच्या आत आहे. दोन्हीकडे घड्याळ एकच असते, त्यामुळे हिमरेषा यांनी सांगितलेली अडचण येत नाही. जूनमध्ये दोन्हीकडे सूर्य मावळतच नाही, तेव्हा रात्री उशिराचे उड्डाण असले तरी ज्येष्ठांना अंधारात चाचपडावे लागणार नाही.

आता आईंच्या धास्तीबद्दल. विमानात इंधन भरताना केवळ जाण्यापुरते भरत नाहीत. जमिनीवरच्या हालचालीचे, प्रवासाचे, अनपेक्षित वाढीचे, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यावर शेवटची राखीव ३० मिनिटांचे, असे ते मोजले जाते. मुंबईहून पुण्यासारख्या जवळच्या ठिकाणी पर्याय असला तर चौथा भाग लहान असतो. लाँगइयरब्येनची धावपट्टी सुमारे अडीच हजार मीटरची आहे, पण तिच्या जवळपास जेट उतरू शकेल अशी दुसरी नागरी धावपट्टी नाही. वाटेत अर्ध्याच्या थोडे पुढे ब्योर्नोया बेट लागते, तिथे हवामान केंद्र आहे, विमानतळ नाही. म्हणून पर्यायी विमानतळ नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचाच धरावा लागतो आणि ९६१ किमी जाऊन, उतरण्याचा प्रयत्न करून, तितकेच परत येण्याची सोय टाकीत ठेवूनच विमान निघते. ७३७ सारखे विमान ताशी साधारण अडीच टन इंधन जाळते, यावरून हा अधिकचा भार किती असेल ते लक्षात येईल.

तेव्हा धुके किंवा आडवा वारा असला तर सर्वात वाईट घडू शकते ते इतकेच की तीन-सव्वातीन तास हवेत राहून आपण पुन्हा ट्रॉम्सोलाच उतराल. प्रवास वाया जाईल, दिवस वाया जाईल, पण इंधन संपण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. आईंना हे अवश्य सांगा.

व्यवहाराच्या दृष्टीने एकच सूचना. परतीचे विमान आणि आई-बाबांचे भारताकडे निघणारे विमान यांच्यात किमान दोन दिवस मोकळे ठेवा. १९७५मध्ये हा विमानतळ सुरू होण्यापूर्वी हिवाळ्यात समुद्र गोठला की महिनोन्‌महिने जहाज येत नसे आणि अधूनमधून एखादे विमान आद्वेंतदालेन खोऱ्यातल्या गोठलेल्या जमिनीवर उतरे. आता रोज विमाने असली तरी रद्द झालेल्या उड्डाणाचे प्रवासी पुढच्या विमानात सामावतीलच असे नाही, कारण उन्हाळ्यात ती भरलेली असतात.

रेखांश

आईला शब्दशः वाचून दाखवले, ती आता तयार आहे. व्हिसाचा अर्ज अजून भरलेला नाही, त्यामुळे अनेक प्रवेशांची मागणी वेळेत करता येईल. दोनऐवजी तीन दिवस मोकळे ठेवून तिकिटे काढतो.